सिकंदर साहेबाचे बूट

माणूस कुठेही मेला तरी त्याची नोंद कुठे ना कुठे असतेच, यावर माझा गाढ विश्वास आहे. इतिहास अशा नोंदींवर उभा असतो आणि संस्कृती त्या इतिहासावर. वडील गेले तेव्हा मृत्यूचा दाखला आणायला मी एका सरकारी खिडकीपाशी गेलो होतो. कोणती खिडकी ते सांगत नाही, माझी तिथे अजून कामं असतात. दाखला मिळाला. तो माझा होता. नाव, पत्ता, वय सगळं बरोबर, फक्त मी मेलेला. दुरुस्तीसाठी मी स्वतः आलोय म्हटल्यावर खिडकीतल्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "पुरावा काय?"

तरीही विश्वास टिकून आहे.

मी रत्नागिरीतल्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवतो आणि रविवारी इथल्या एका दैनिकात विनोदी सदर लिहितो. ते विनोदी आहे हे वर ठळक छापतात, म्हणून बरं. आमचे प्राचार्य कॉलेजला इंग्रजीत आलेला प्रत्येक मेल, मग तो लॉटरी लागल्याचा का असेना, माझ्याकडे ढकलतात. त्यातच मॅकलिऑडबाईंचा मेल आला.

बाईंचं पाळण्यातलं नाव आयला. तिकडे हे नाव चांगल्या घरातल्या मुलींना ठेवतात म्हणे. रत्नागिरीत ते चारचौघांत हाक मारण्यासारखं नाही. स्टेशनवर मी एकदाच मारली, तर दोन रिक्षावाले "काय झालं सर?" म्हणून धावत आले. तेव्हापासून त्या आमच्यासाठी मॅकलिऑडबाई.

बाई स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या एका बेटावर राहतात. फेरीबोटीच्या धक्क्यावर तिकिटं देण्याचं काम करून निवृत्त झालेल्या, वय सत्तरीच्या पुढे, लग्न नाही, भावंडं नाहीत. त्यांच्या पणजोबांचा थोरला भाऊ अलेक्झांडर बोटी बांधणारा सुतार होता. दीडशे वर्षांपूर्वी तो एका आगबोटीवर चढून हिंदुस्थानात आला आणि रत्नागिरीला उतरला, एवढंच घरी माहीत होतं. बेटावरच्या दफनभूमीत त्यांच्या घराण्याचा एक मोठा दगड आहे. बाईंनी मला फोनमध्ये त्याचा फोटो दाखवला. सगळ्यांची नावं, जन्माचं साल, मधे रेघ, मृत्यूचं साल. अलेक्झांडरच्या नावापुढे जन्माचं साल, रेघ, आणि पुढे कोरा दगड.

"त्याच्या आईने कोरू दिलं नाही," बाई म्हणाल्या. "मला कोणी येऊन सांगेपर्यंत दगडाला हात लावायचा नाही, म्हणाली. ती गेली. मग तिच्या मुलांनी हात लावला नाही, नातवंडांनी लावला नाही. आता मी उरले. माझ्यामागे माझं नाव कोरायलाही कोणी नाही, पण त्याचे पैसे मी आधीच भरून ठेवलेत. त्याचं तेवढं पूर्ण करायचंय."

वसंतात बेटावर दगड कोरणारा येतो. बाईंनी त्याला सांगून ठेवलं होतं. म्हणून त्या जानेवारीत आल्या.

आठवडाभर मी त्यांना घेऊन फिरलो. जुन्या ख्रिस्ती दफनभूमीत गुडघाभर गवत होतं आणि एक गाय होती. थडग्यांवर आठ महिन्यांची बाळं, तापाने गेलेले कॅप्टन, एका जज्जाची बायको. सुतार नव्हता. दीपगृहापाशी वारा होता. जुन्या बंदरावर आता भेळ मिळते. बाई प्रत्येक ठिकाणी पर्समधून एक छोटा ब्रश काढून दगड साफ करायच्या आणि वाचून झाल्यावर, सुतार नसला तरी, त्या माणसाला हलकेच "थँक यू" म्हणायच्या.

रविवारी आम्ही त्यांना जेवायला बोलावलं. जेवण झालं, सुपारी झाली, बाई निघाल्या. पायरीवर येऊन त्या थबकल्या. आत येताना त्यांनी काढलेले बूट उलटे फिरले होते, टोकं रस्त्याकडे, दोन्ही अगदी जवळजवळ.

"हे कोणी केलं?"

माझी बायको दमयंती लाजली. आमच्याकडे ही चाल आहे. पाहुणे आत बसले की घरातल्या कोणीतरी त्यांच्या चपला बाहेरच्या दिशेने वळवून ठेवायच्या, म्हणजे निघताना पाय नीट सरकतात, वाकावं लागत नाही. मी बाईंना सांगितलं, की पाहुण्याला ‘निघा आता’ म्हणायची ही आमची सर्वांत सभ्य पद्धत आहे.

"काहीतरीच सांगू नका हो त्यांना!" दमयंती म्हणाली. "म्हणावं, सुखाने जा, असा अर्थ आहे."

मी तसं भाषांतर केलं. बाई बराच वेळ त्या बुटांकडे बघत राहिल्या. त्यांच्यासाठी असं कोणी केलं नव्हतं बहुतेक.

त्याच रविवारी माझं सदर आलं होतं. ‘हरवला आहे: एक स्कॉटिश सुतार’ अशा मथळ्याखाली मी बरेच विनोद केले होते. दुपारी फोन वाजला.

"पाध्येसर ना? राजिवड्यातून मुसा होडेकर बोलतोय. तुमी पेपरात टाकलात, सुतार हरवलाय म्हणून."

"हो."

"हरवलेला नाय तो. आमच्याकडे हाय."

"म्हणजे, होता."

 पलीकडे लाकडावर काहीतरी ठोकल्याचा आवाज येत होता, सावकाश, एका लयीत.

"या तुमी," मुसाभाई म्हणाले. "चाय प्यायला या. बाईला पण आणा."

राजिवडा भाट्याच्या खाडीला लागून आहे. होडेकरांचं घर दोन मजली, पिस्ता रंगाचं, गॅलरीला स्टीलचे कठडे. मुलगा झुबेर दोहाला असतो, हे घराकडे पाहूनच कळतं. आत माशांची काचपेटी, छताला झुंबर, सोफ्यावर प्लॅस्टिक. जुन्या घरातलं एकच ठेवलेलं, पुढची पायरी. जांभ्याचा एक अखंड लांब चिरा, मधोमध बशीसारखा झिजलेला. वरच्या गुळगुळीत लाद्यांना तो शोभत नव्हता.

पायरीवर काळे गमबूट होते. मिरकरवाड्याच्या जेटीवर मासे उतरवणारे घालतात तसले. टोकं घराकडे. आम्ही आमच्या चपला त्यांच्या शेजारी काढल्या.

ताजबी चाची म्हणजे मुसाभाईंच्या पत्नी. सत्तरी गाठलेली, आवाज खणखणीत. बाईंना त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"नाक तेच," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "झुबेरचं बघा, आनि हिचं बघा."

"तू सायबाचं नाक कधी बघितलंस?"

"झुबेरचं बघितलंय ना! ते काय माझ्या म्हायेरचं हाय?"

मग सांदणं आली, नारळाचं दूध आलं, आणि त्याच्यामागून गोष्ट आली. ती सांगायचं काम चाचींचं होतं. मुसाभाई मधे मधे "होय" म्हणायचे.

आगबोटीवरचा गोरा सुतार तापाने फणफणलेला, कप्तानाने त्याला मांडवीच्या बंदरात उतरवून ठेवला आणि बोट गेली. होडेकर तेव्हा मचवे बांधायचे. त्यांच्यातल्या कोणीतरी त्याला उचलून घरी आणला, कारण बेशुद्धीतसुद्धा त्याने हातातली पटाशी सोडली नव्हती. बरा झाला तो इथलाच झाला. अलेक्झांडरचा सिकंदर झाला, घरातल्या मुलीशी निकाह झाला, पोरं झाली, मुसाभाई त्यांच्याच वंशातले. फळ्यांच्या फटीत माशाच्या तेलात भिजवलेला कापूस ठोकून भरायचं काम त्याच्यासारखं कोणाला जमत नसे. त्याने बांधलेल्या मचव्यात पाणी शिरत नव्हतं.

"एका पावसाळ्यात दुपारचा जेवायला बसलेला," चाची म्हणाल्या. "खाडीला उधाण. कोणीतरी ओरडला, मचवा सुटला. तसाच उठला, अनवाणी. पायरीवरनं उडी मारलान आनि गेला. बूट इथंच."

"मग?" बाईंनी विचारलं. हा शब्द त्यांना आठवड्यात येऊ लागला होता.

"मग काय. मचवा सापडला."

पंखा फिरत होता. मी भाषांतर केलं. बाईंनी मांडीवरची पर्स घट्ट धरली. "तारीख," त्या म्हणाल्या. "कुठलं साल ते तरी. केव्हा मेला?"

मी विचारलं. चाचींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी अचकट बोललो होतो.

"मेला असा कोणी म्हटलान? मय्यत नाय, नमाज नाय. त्याची बायको इद्दतीत बसली नाय, विधवा बसते तशी. मौलवी आले समजवायला, तर पायरीकडे हात केलान. म्हणाली, नवऱ्याचे बूट दारात, टोकं आत. मानूस घरात असताना कसली इद्दत? तेव्हापासून या घरात कोणी कोणाच्या चपला फिरवत नाय. आमी सूना आलो तेव्हा पहिलं हेच सांगितलानी. मीठ कुठं, मसाला कुठं, ते मागनं."

"पण चाची, ते बूट... हे तर गमबूट आहेत."

"चामड्याचे किती टिकनार? जुने झाले की आमी बदलतो."

"जुने कसे होतात? घालतं कोण?"

"घरात मानूस असला की चपला झिजतात, सर. तुमच्या नाय झिजत?"

विनोद करणं हा माझा जोडधंदा असल्यामुळे दुसऱ्याने केलेला मला लगेच ओळखू येतो. हा नव्हता.

मुसाभाई उठले, पायरीवरून डावा गमबूट आणला आणि तळवा वर करून आमच्यापुढे धरला. गेल्या रमजानला आणलेला, म्हणाले. टाचेची बाहेरची कड पार घासून गेली होती, आतली नक्षी मात्र शाबूत. मी मुसाभाईंच्या पायाकडे पाहिलं. लहानखुरा पाय, फार तर सात नंबर. बूट दहाचा होता. घरात दुसरा पुरुष नाही.

मॅकलिऑडबाई उठल्या, बाहेर गेल्या, आपला डावा बूट घेऊन आल्या आणि त्या गमबुटाशेजारी उलटा ठेवला. टाचेची बाहेरची कड घासलेली. आतली शाबूत.

"माझ्या वडिलांचेही असेच झिजायचे," त्या म्हणाल्या. "आजोबांचेही. आमच्या चांभाराला घराणं माहीत होतं."

मुसाभाईंनी आपली डावी चप्पल आणली नाही. सरळ तिथेच पाय उचलून टाच दाखवली. तीही कलती.

जनुकांची तपासणी करून वंश शोधून देणाऱ्या परदेशी कंपन्या आहेत. बाईंनी त्यांना थुंकी पाठवली होती, दोन वर्षं झाली. या खोलीत ते काम मिनिटभरात झालं. चाचींनी बाईंच्या गालांवरून दोन्ही हात फिरवून बोटं स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा मोडली, आणि बाई रडल्या.

ठोकण्याचा आवाज मागच्या बाजूने येत होता. मला वाटलं, शेजारी कोणी नारळ सोलतंय.

त्यानंतर बाई रोज राजिवड्याला जाऊ लागल्या. मी जमेल तेव्हा जायचो. मी चिकित्सक माणूस आहे. जांभ्याच्या खडबडीत पायरीवर बूट सरकत असतील, उंदीर असतील, मुसाभाई गंमत करत असतील, असे सगळे खुलासे मी क्रमाने तपासले आणि क्रमाने सोडून दिले. एका सकाळी गमबुटांना खाडीचा करडा चिखल लागलेला होता, ओला. घरातले सगळे आत बसून घावन खात होते. मी चिखलाकडे बोट दाखवलं, तर चाची म्हणाल्या, "ओहोटी हाय ना आता," आणि मला आणखी एक घावन वाढलं.

चहाचा एक कप नेहमी जास्त यायचा. तो कोणी प्यायलेला मी पाहिला नाही. तो भरलेला परत गेलेलाही मी पाहिला नाही. मी दोन्ही वेळा दुसरीकडे बघत होतो, एवढंच मी शपथेवर सांगू शकेन.

आवाजाच्या मागे मी एकदा घराला वळसा घालून गेलो. तिथे सिमेंटची पाण्याची टाकी होती, आणि झुबेरची स्कूटर, आच्छादन घातलेली. पलीकडे खाडी. माशाच्या तेलाचा उग्र, जुना वास. मी उभा होतो तोवर शांत होतं. वळून कोपऱ्यावर आलो आणि पुन्हा सुरू झालं, ठक्, ठक्, जरा थांबून ठक्. कामात असलेल्या माणसाने पाहुणा जाईपर्यंत हात थांबवावा तसं.

भीती वाटली का? खरं सांगायचं तर वाटली नाही. मला संकोच वाटला. आपण कोणाच्या तरी कामात येतोय, असा.

बाई मात्र दिवसेंदिवस गप्प होत चालल्या. जायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही भाट्याच्या पुलावर उभे होतो. खाली मचवे परतत होते.

"इतकी वर्षं त्यांनी त्याला सांभाळलं," त्या म्हणाल्या. "कोणी कोणासाठी करत नाही एवढं."

"हो."

"पण त्याची आईही होती. तिने दगड कोरा ठेवला, यांनी बूट ठेवले. दोघी त्याला धरून बसल्या. तो थकला नसेल का?" त्या कठड्यावर रेलल्या. "मी गेल्यावर तिकडे त्याची वाट बघणारंही कोणी नसेल. दगड तसाच राहील. कोणी विचारणार नाही, हा कोण, याचं काय झालं. मला फक्त एक तारीख हवी आहे."

माझ्याकडे देण्यासारखी तारीख नव्हती. मी त्यांना म्हटलं, की आमच्याकडे एक खिडकी आहे, तिथे कुणालाही मरणाची तारीख मिळते. त्या हसल्या नाहीत. मीही बेताचाच हसलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी निरोपाचा चहा झाला. चाचींनी बाईंना एक जरीकाठी ओढणी दिली आणि काजूची पिशवी. बाईंनी त्यांना आपल्या हातचा लोकरीचा स्वेटर दिला, रत्नागिरीत तो केव्हा घालणार हा प्रश्न कोणी काढला नाही. मागे ठोकणं चालू होतं. आता मला त्याची सवय झाली होती.

"रिक्षा आली," मुसाभाई म्हणाले.

बाई सगळ्यांच्या आधी उठल्या. मी बॅग उचलायला मागे राहिलो. दारातून पाहिलं तर त्या पायरीवर बसून बूट घालत होत्या.

बूट घालून झाले. त्या उठल्या नाहीत. हात लांब करून त्यांनी माझ्या चपला घेतल्या आणि वळवून ठेवल्या, टोकं रस्त्याकडे. मग मुसाभाईंच्या. मग चाचींच्या.

 

त्यांनी गमबूट दोन्ही हातांनी उचलले. त्यांच्यावरची धूळ ओढणीच्या टोकाने, तो पदर असावा तशी, पुसली. अगदी सावकाश वळवले. जवळजवळ ठेवले. दमयंतीने त्यांचे ठेवले होते तसे.

आणि इंग्रजी नव्हे अशा कुठल्यातरी, बहुधा बेटावरच्या, भाषेत, खालच्या आवाजात, त्या काहीतरी म्हणाल्या.

ठोकणं थांबलं.

माझ्या मागे चाची उभ्या होत्या. त्यांनी पायरीकडे पाहिलं. त्या ओरडल्या नाहीत. दाराची चौकट धरली, एवढंच.

मुसाभाई आतून विचारत होते, "बिस्किटं दिलीस का गाडीत खायला?"

 चाची हळूच बाजूला सरकल्या, दारातून कोणाला तरी वाट द्यावी तशा. माझ्या शेजारून माशाच्या तेलाचा वास गेला. मी तोंड वळवलं, कारण रिक्षावाल्याने भोंगा वाजवला.

परत पाहिलं तेव्हा पायरीवर गमबूट नव्हते.

बाई तिथेच बसलेल्या होत्या. दोन्ही हात मांडीवर, रिकामे.

चाची अनवाणीच घराला वळसा घालून मागे गेल्या, त्यांच्यामागे आम्ही. ओहोटी होती. खाडीचा चिखल दूरवर उघडा पडला होता, गुळगुळीत. टाकीपासून निघालेली बुटांची पावलं त्यातून सरळ पाण्याकडे गेली होती. डाव्या टाचेची बाहेरची कड खोल उमटलेली. पावलं घाईची नव्हती. एके ठिकाणी दोन्ही जोडून, जरा तिरकी होती. तिथे तो वळून घराकडे बघत उभा राहिला असावा. मग पाण्याची कड आली आणि पुढे काही नव्हतं.

"सांगून तरी जायचं," चाची म्हणाल्या. "चाय ठेवलेला."

मग त्यांनी डोळे पुसले, बाईंकडे वळल्या आणि त्यांची ओढणी सारखी केली.

"तिला सांगा, सर. राग नाय म्हणावं. आई पन हाय त्याला."

मी सांगितलं. बाईंनी चाचींचे हात हातात घेतले आणि दोघी बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या, दोघींना एकमेकींची भाषा येत नसल्यामुळे काही बोलायची अडचण नव्हती.

रिक्षात मी विचारलं, "तुम्ही मुद्दाम केलंत?"

"दमयंतीने माझ्यासाठी केलं होतं," बाई म्हणाल्या. "सुखाने जा, असा अर्थ आहे, असं तुम्हीच सांगितलंत." मग त्यांनी घड्याळात पाहिलं आणि पर्समधून पेन काढून हाताच्या तळव्यावर त्या दिवसाची तारीख लिहून घेतली.

राजिवड्यात चाचींनी त्याच आठवड्यात नवे गमबूट आणवले. दहा नंबर, पायरीवर, टोकं आत. मी अधूनमधून जायचो. कोणी मुद्दाम बघत नसे, पण जाता-येता प्रत्येकाची नजर तळव्याकडे जायची. रमजान झाला. आंबे झाले. तळव्यावरची नक्षी दुकानातून आली तशीच होती. जास्तीचा चहा निवून जायचा आणि मुसाभाई तो पिऊन टाकायचे. मागच्या बाजूला आता फक्त खाडी ऐकू यायची.

जूनमध्ये बाईंचा मेल आला. मी तो राजिवड्याला जाऊन वाचून दाखवला. झुबेर बकरी ईदसाठी सुट्टीवर आला होता, तोही ऐकत बसला.

बाईंनी लिहिलं होतं: दगड कोरणारा येऊन गेला. ती तारीख मी त्याला दिली नाही. त्याला परत पाठवलं. दगड कोरा आहे तसाच राहू दे. मार्चमध्ये मी वडिलांचे जुने रबरी बूट माळ्यावरून काढून दारात ठेवले, टोकं आत. उगीच, गंमत म्हणून. आमच्याकडे पाऊस सतत असतो, त्यामुळे ते ओले होतात यात विशेष काही नाही. मागच्या शेडमध्ये जुनी होडी आहे, तिच्यात पाणी शिरायचं, आता शिरत नाही, पण हवा कोरडी असली तर तसं होतं म्हणतात. ताजबींना एक विचारायचं आहे. तुमच्याकडे एक जोडी साधारण किती टिकायची?

चाचींनी पंख्याकडे पाहिलं. मग पदराने तोंड पुसलं.

"लिवा, सर," त्या म्हणाल्या. "एरवी वर्षभर. पावसात चार म्हयने. आनि तिला सांगा, जोडी आनायची गरज नाय, मिळाला तर एकटा आना. डावाच जातो."

मी ते इंग्रजीत लिहून पाठवलं.

पायरीवरचे नवे गमबूट झुबेरने दुसऱ्या दिवशी गाडी धुवायला वापरायला काढले. त्याला ते दोन नंबर मोठे होतात.